शेक चालू असताना पुन्हा सीटी का काढतात? मशीनवर रोज निघणाऱ्या फोटोतून किरणांचा हिशेब कसा ठेवतात, समजून घ्या

तालुका प्रतिनिधी

कॅन्सरच्या रुग्णाला शेक सुरू होतात. सतरा-अठरा शेक झाले की एक दिवस डॉक्टर म्हणतात, "पुन्हा एक सीटी काढावा लागेल, नवीन साचा करू." इथंच घरच्यांच्या काळजात धस्स होतं. कुणी म्हणतं आजार वाढला. कुणी म्हणतं आधीचे शेक चुकीच्या जागी दिले. कुणी म्हणतं हा पैसे काढायचा धंदा आहे. काही जण तर तिथूनच रुग्णाला गावी घेऊन येतात आणि अर्धवट राहिलेला उपचार नंतर महागात पडतो.

खरं तर बहुतेक वेळा या दुसऱ्या सीटीचा अर्थ उलटा असतो. कुणीतरी रोजचा फोटो नीट बघतंय, रुग्णाच्या अंगात झालेला बदल त्याच्या लक्षात आलाय आणि किरण जिथं जायला हवेत तिथंच जावेत म्हणून तो हिशेब नव्याने मांडतोय. हा हिशेब नेमका काय असतो, रोज मशीनवर फोटो का काढतात आणि त्यात घरच्यांनी काय करायचं असतं, ते सोप्या भाषेत बघू.

शेक म्हणजे नेमकं काय?

गावाकडं कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट देणं म्हणतं, कुणी करंट म्हणतं. डॉक्टर रेडिएशन किंवा किरणोपचार म्हणतात. पण यात ना वीज असते, ना उष्णता. क्ष-किरणांच्याच जातीचे, पण कितीतरी जास्त ताकदीचे किरण बाहेरून गाठीवर सोडले जातात. त्यानं कॅन्सरच्या पेशींची वाढण्याची ताकद मोडते. आसपासच्या चांगल्या पेशींनाही मार बसतोच, पण त्या रातोरात बऱ्यापैकी सावरतात. कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. म्हणूनच सगळा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात.

डोस मोजायचं माप आहे ग्रे. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. औषध जसं मिलीमध्ये मोजतात तसे किरण ग्रेमध्ये. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेकाचाच मुख्य उपचार असेल तर साधारण ७० ग्रे देतात. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ३५ शेक आणि सात आठवडे. ऑपरेशननंतरचे शेक असतील तर साधारण ६० ते ६६ ग्रे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून ४५ ते ५० ग्रे आणि त्यानंतर आतून वेगळा शेक.

आता दुसरी बाजू. गाठीला ७० ग्रे हवेत, पण तिच्याच शेजारी असलेल्या मणक्यातल्या मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. जास्त गेलं तर हातापायातली ताकद जाऊ शकते. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. जास्त गेलं तर तोंड कायमचं कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळत नाही. गाठ आणि या ग्रंथी यांच्यातलं अंतर काही वेळा बोटाच्या पेराएवढंही नसतं. सगळी अडचण इथंच आहे.

पहिला सीटी म्हणजे मोजणीचा नकाशा

शेक सुरू होण्याआधी रुग्णाचा एक खास सीटी काढतात. चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची शीट दाबून बसवतात. ती थंड झाली की कडक होते. हाच तो मास्क किंवा साचा. रोज रुग्ण त्याच साच्यात, त्याच पद्धतीनं झोपला पाहिजे म्हणून ही सोय. छाती-पोटाच्या रुग्णाला मास्कऐवजी अंगावर शाईच्या खुणा करतात किंवा बारीक गोंदण करतात.

या सीटीवर डॉक्टर गाठ कुठं आहे, मज्जारज्जू कुठं, ग्रंथी कुठं हे एकेका कापावर रेघ मारून दाखवतात. मग भौतिकतज्ज्ञ, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट, कॉम्प्युटरवर गणित मांडतो. कोणत्या बाजूनं किती किरण सोडले म्हणजे गाठीला पूर्ण डोस मिळेल आणि शेजाऱ्यांना कमीत कमी लागेल, ते ठरवतो. यालाच प्लॅन म्हणतात. यात काही दिवस जातात. त्यामुळं सीटी झाला तरी शेक लगेच का सुरू होत नाहीत, असं वाटून घाबरायचं कारण नाही.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा मोजणीचा नकाशा झाला. मोजणी ज्या दिवशी झाली त्या दिवशीचं रान त्यावर आहे. पण मोजणी उन्हाळ्यात झाली आणि पावसाळ्यात ओढ्यानं बांध खाल्ला, तर कागदावरची हद्द तीच राहते, रान मात्र बदललेलं असतं. सहा-सात आठवड्यांत माणसाच्या अंगाचंही तसंच होतं.

अंगात काय काय बदलतं?

पहिला बदल रोजचा असतो. मास्क असला तरी रुग्ण रोज अगदी त्याच मिलीमीटरवर झोपत नाही. मान थोडी वर, हनुवटी थोडी खाली, खांदा उचललेला, असं होतंच. पोटाच्या रुग्णात लघवीची पिशवी कधी भरलेली असते, कधी रिकामी. आतड्यात कधी गॅस असतो. लघवीची पिशवी भरली की गर्भपिशवी मागं-वर सरकते, रिकामी झाली की पुढं येते. हा फरक एक-दोन सेंटीमीटर सहज होतो, काहींमध्ये त्याहूनही जास्त.

दुसरा बदल हळूहळू होतो. गाठ आटते. तोंड आल्यामुळं जेवण जात नाही, वजन घटतं, गाल बसतात आणि मास्क सैल होतो. लाळेच्या ग्रंथीही आकसतात आणि आतल्या बाजूला, म्हणजे जास्त डोसच्या पट्ट्यात सरकतात.

हे नुसतं अंदाजानं सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या १४ रुग्णांचे शेक चालू असताना वारंवार सीटी काढून मोजमाप केलं गेलं. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उपचाराच्या दर दिवसाला गाठ तिच्या मूळ आकाराच्या साधारण १.८ टक्क्यांनी कमी होत होती. लाळेच्या ग्रंथी शेवटपर्यंत साधारण ३ मिलीमीटर आत सरकल्या होत्या, आणि जितकं वजन घटलं तितकं हे सरकणं जास्त होतं. तीन मिलीमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी, हे खरं. पण आजच्या मशीनमध्ये जास्त डोस आणि कमी डोस यांची हद्दच काही मिलीमीटरवर असते. म्हणून एवढ्यानंही फरक पडतो.

मशीनवरचा रोजचा फोटो

शेकाच्या मशीनला लिनॅक म्हणतात, लांब नाव लिनिअर अॅक्सिलरेटर. नव्या लिनॅकच्या दोन्ही बाजूंना हातासारखे दोन भाग असतात. एकातून साधे, कमी ताकदीचे क्ष-किरण निघतात आणि समोरच्या पाटीवर ते टिपले जातात. रुग्ण टेबलावर झोपला की हे हात त्याच्याभोवती फिरतात. साधारण मिनिटाभरात शेकडो फोटो निघतात आणि कॉम्प्युटर ते जोडून अंगाच्या आतलं तिन्ही बाजूंचं चित्र उभं करतो. याला कोन बीम सीटी म्हणतात. शेकाच्या मशीनवरच हा सीटी बसवण्याचं काम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विल्यम ब्युमाँट हॉस्पिटलमध्ये डेव्हिड जाफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि २००२ मध्ये ते जगासमोर मांडलं. त्याआधी हाडांचे पुसट फोटो आणि अंगावरच्या खुणा एवढ्यावरच भागवावं लागायचं.

फोटो निघाला की टेक्नॉलॉजिस्ट तो पहिल्या सीटीवर ठेवून जुळवतो. आधी हाडं जुळतात का, मग गाठ, लघवीची पिशवी, आतडं. दोन मिलीमीटर डावीकडं, तीन मिलीमीटर वर असा फरक दिसला की टेबल तेवढं सरकवतो आणि मगच किरण सोडतो. रुग्णाला वाटतं मशीन नुसतं फिरतंय, शेक अजून लागलाच नाही. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचाच असतो, बाकीचा वेळ या तपासणीत जातो. दुसऱ्याच रुग्णाचा प्लॅन लागला किंवा उलट्या बाजूला शेक लागणार होता, अशी मोठी चूकही या फोटोत तिथल्या तिथं पकडता येते.

जागा बरोबर आहे, पण डोस बरोबर गेला का?

इथवरचं काम बऱ्याच ठिकाणी रोज होतं. पण टेबल सरकवल्यानं अख्खं अंग सरकतं, आतली बदललेली मांडणी सुधारत नाही. गाठ आटली, गाल बसला, ग्रंथी आत आली, तर टेबल कितीही सरकवलं तरी गाठ आणि ग्रंथी एकाच वेळी जुन्या जागेवर येणार नाहीत. मग प्रश्न पडतो की आज नेमका कुणाला किती डोस गेला?

याचं उत्तर त्याच रोजच्या फोटोतून काढता येतं. तत्त्व सोपं आहे. प्लॅनमधले किरण तेच ठेवायचे आणि ते आजच्या फोटोतल्या अंगावर सोडले तर काय होईल, याचं गणित कॉम्प्युटरवर करायचं. जो आकडा येतो तो त्या दिवशीचा अंदाजे डोस. असे रोजचे किंवा आठवड्याचे आकडे जोडत गेलं की आजवरचा जमाखर्च तयार होतो.

डेअरीच्या पुस्तकासारखंच हे आहे. महिन्याला किती लिटर दूध होईल याचा अंदाज वेगळा आणि रोज डेअरीवर मापून पुस्तकात चढवलेलं दूध वेगळं. पहिला प्लॅन म्हणजे अंदाज, रोजचा फोटो म्हणजे पुस्तकातली नोंद.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा प्लॅनप्रमाणे लाळेच्या ग्रंथीला रोज ०.७ ग्रे जायचे आहेत. ३५ शेकांचे होतात २४.५ ग्रे, म्हणजे २६ च्या आत. पंधरा शेकांनंतर वजन घटलं, ग्रंथी आत सरकली आणि आता रोज ०.९ ग्रे जायला लागले. कुणी बघितलंच नाही तर पहिल्या पंधरा दिवसांचे १०.५ आणि पुढच्या वीस दिवसांचे १८, एकूण २८.५ ग्रे. हद्द ओलांडली. पण पाच दिवसांत हे लक्षात आलं, नवीन सीटी काढून विसाव्या शेकानंतर नवीन प्लॅन लावला आणि पुन्हा ०.७ वर आणलं, तर हिशेब होतो १०.५ अधिक ४.५ अधिक १०.५, म्हणजे २५.५ ग्रे. हद्दीच्या आत. दुसरा सीटी कशासाठी असतो, ते एवढ्या गणितात येतं.

हे गणित वाटतं तेवढं सोपं का नाही?

मशीनवरचा रोजचा फोटो पहिल्या सीटीएवढा चांगला नसतो. किरण अंगात इकडं तिकडं विखुरतात आणि चित्र धूसर येतं. डोसचं गणित करायला अंगाचा कोणता भाग किती घट्ट आहे, हाड कुठं, मांस कुठं, हवा कुठं, हे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या छटेवरून कळतं. छटाच चुकली तर डोसही चुकतो. शिवाय या फोटोत अंगाचा थोडाच भाग येतो. खांदे तर कित्येकदा कापले जातात.

म्हणून भौतिकतज्ज्ञ एक युक्ती करतात. पहिला चांगला सीटी घेतात आणि कॉम्प्युटरवर तो रबरासारखा ताणून-आकसून आजच्या फोटोच्या आकारात बसवतात. छटा चांगल्या सीटीच्या आणि आकार आजचा. त्यावर डोसचं गणित करतात. दुसरी पद्धत म्हणजे रोजच्या फोटोतल्या छटा आधीच मापं घेऊन दुरुस्त करून घेणं. अलीकडं चांगलं चित्र देणारी मशीनं आणि कॉम्प्युटरला शिकवून चित्र सुधारणाऱ्या पद्धतीही आल्या आहेत. तरीही ताणून बसवलेलं चित्र कधी कधी चुकीचं बसतं, विशेषतः गाठ खूप आटली असेल किंवा आतड्यात गॅस असेल तेव्हा. त्यामुळं निघालेला आकडा हा चांगला अंदाज असतो, वजनकाट्यावरचं माप नसतं. आकड्यानं इशारा दिला की नवीन सीटी काढून खात्री करतात, ती यासाठीच.

आणखी एक रीत आहे. अंगातून आरपार गेलेले शेकाचे किरण पलीकडच्या पाटीवर टिपायचे. आज पाटीवर पडलेली छाप पहिल्या दिवसासारखीच आहे का, ते बघायचं. गाल बसला, वजन घटलं तर जास्त किरण आरपार जातात आणि छाप बदलते. यात अंगाच्या आतलं चित्र कळत नाही, पण काहीतरी बदललंय हे कळतं. शिवाय वेगळा फोटो काढावा लागत नाही, शेक देताना आपोआप नोंद होते.

दरवेळी नवीन प्लॅन केला तर जास्त फायदा होईल का?

असं वाटणं साहजिक आहे, पण तसं सरसकट नाही. फ्रान्समध्ये घशाच्या कॅन्सरच्या १३२ रुग्णांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना एकच प्लॅन आणि निम्म्यांना दर आठवड्याला नवीन प्लॅन. २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांना दर आठवड्याला नवीन प्लॅन करून लाळ वाचवण्यात ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे ज्याच्या अंगात खरोखर मोठा बदल झालाय त्यालाच नवीन प्लॅनची गरज असते. तो रुग्ण कोणता, हे ओळखायलाच रोजचा फोटो आणि डोसचा हिशेब लागतो. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा दुसरा सीटी झाला आणि आपल्या माणसाचा नाही, याचा अर्थ आपल्याकडं दुर्लक्ष झालं असा घेऊ नये. आणि आपला झाला, शेजारच्याचा नाही, म्हणून आपला आजार वाढला असाही घेऊ नये.

फोटोचा आधार आणि नेमके शेक यांचा फायदा किती, याचा मोठा पुरावा मात्र आपल्या महाराष्ट्रातूनच आला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरनं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० महिलांवर अभ्यास केला. अर्ध्या महिलांना साध्या पद्धतीचे शेक आणि अर्ध्या महिलांना फोटो बघून दिलेले जास्त नेमके शेक. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास साध्या पद्धतीत ४२.४ टक्के महिलांना होता, तर फोटोवर आधारलेल्या नेमक्या पद्धतीत २१.१ टक्के महिलांना. म्हणजे निम्म्यावर. आजार आटोक्यात राहण्यात दोन्हीकडं फरक नव्हता. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला दिवसातून दहा वेळा संडासला पळावं लागणं आणि न लागणं, एवढा हा फरक आहे. यात नवी शेक पद्धत आणि रोजचा फोटो दोन्हींचा वाटा आहे. शेक इतके नेमके द्यायचे असतील तर फोटो लागतोच.

फोटोचे किरण वेगळे लागत नाहीत का?

लागतात, पण फार कमी. २ ग्रेचा शेक म्हणजे २००० मिलीग्रे. एका कोन बीम सीटीला मानेच्या भागात काही मिलीग्रे लागतात, कमरेच्या भागात जास्तीत जास्त काही दशक मिलीग्रे. म्हणजे शेकाच्या साधारण एक-दोन टक्क्यांच्या आत. तेवढ्यानं शेक योग्य जागी पडत असेल तर हा सौदा फायद्याचाच. तरीही गरजेपेक्षा जास्त फोटो काढू नयेत हा नियम आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच काळजी घेतात.

इथंच एक गैरसमजही दूर करायला हवा. बाहेरून दिलेल्या शेकानं रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. मशीन बंद झालं की किरण संपले. रुग्णाजवळ बसलं, त्याच्या ताटात जेवलं, नातवाला त्याच्या मांडीवर दिलं तरी काही होत नाही. वेगळी खोली, वेगळं ताट करून माणसाला अजून खचवू नये.

सगळीकडं ही सोय असते का?

नाही. जुन्या कोबाल्ट मशीनवर असा रोजचा सीटी निघत नाही. कोबाल्टनंही असंख्य रुग्ण बरे झाले आहेत आणि आजही होतात. तिथं शेकाची जागा थोडी मोठी ठेवून सुरक्षित अंतर धरतात आणि फिल्म, मास्क, वजन, अंगावरच्या खुणा यांवरून लक्ष ठेवतात. लिनॅक असलं तरी काही ठिकाणी फोटो रोज, काही ठिकाणी आठवड्यातून एकदा काढतात. डोसचा पूर्ण हिशेब तर सगळ्याच रुग्णांचा कुठंच रोज करत नाहीत, कारण त्याला माणसं आणि वेळ लागतो. भारतात या मशीनवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची असते आणि मंडळाच्या नियमानुसार तिथं भौतिकतज्ज्ञ असावाच लागतो.

म्हणूनच जिथं यंत्र कमी बघतं तिथं घरच्यांनी जास्त बघायचं. आणि जिथं यंत्र चांगलं आहे तिथंही पुढच्या गोष्टी यंत्राला कळत नाहीत.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करायचं?

१. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वजन करा आणि लिहून ठेवा. सुरुवातीला ६० किलो असलेला माणूस ५४ वर आला म्हणजे दहा टक्के घट झाली. ही धोक्याची खूण आहे. पण तिथवर थांबूच नका, दोन-तीन किलो कमी झाले की लगेच सांगा.

२. मास्क सैल वाटतो का, आत मान हलते का, हे रुग्णाला रोज विचारा. कित्येक रुग्णांना सैल मास्क बरा वाटतो, कारण तो टोचत नाही. म्हणून ते बोलत नाहीत. मास्क सैल झाला की लगेच टेक्नॉलॉजिस्टला सांगायचं. उलट चेहऱ्यावर सूज येऊन घट्ट झाला तरी सांगायचं.

३. जेवण जात नाही म्हणून उपाशी राहू नका. पेज, अंडी, दूध, पातळ वरण, जे गिळेल ते थोडं थोडं द्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितली तर घाबरू नका. नळी म्हणजे शेवट आला असं नसतं. वजन टिकलं तर प्लॅन टिकतो.

४. पोटाच्या शेकाला जितकं पाणी, जितका वेळ आधी प्यायला सांगितलं आहे, तितकंच रोज प्या. "आज नंबर उशिरा आहे म्हणून प्यायलो नाही," असं परस्पर ठरवू नका. उशीर होत असेल तर तिथल्या माणसाला विचारा. पोट साफ होत नसेल, गॅस होत असेल तर तेही सांगा. फोटोत लघवीची पिशवी रिकामी दिसली आणि पुन्हा पाणी पिऊन थांबायला लावलं, तर तो त्रास द्यायचा प्रकार नाही.

५. अंगावरच्या खुणा घासून काढू नका. पुसट झाल्या तर स्वतः पेनानं गिरवू नका, तिथं जाऊन करून घ्या. पहिल्या सीटीच्या वेळी दाढी, केस, कवळी जशी होती तशीच ठेवायची का, ते विचारून घ्या.

६. शेक चुकवू नका. पेरणी, लग्न, जत्रा, सोसायटीचं काम, काहीही असो. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं कमी होते. दहा दिवसांची सुट्टी म्हणजे किती, ते ज्यानं त्यानं मोजावं. मशीन बंद पडल्यामुळं किंवा अडचणीमुळं शेक चुकलाच तर तो कसा भरून काढणार, हे डॉक्टरांना विचारा.

७. नवीन सीटी सांगितला तर हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. अंगात नेमका काय बदल दिसला? नवीन प्लॅन होईपर्यंत जुन्यावरच शेक चालू राहणार की थांबणार? नवीन सीटी आणि साच्याचा खर्च योजनेत बसतो का? पहिली दोन उत्तरं डॉक्टर देतील. तिसऱ्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे, पण कोणत्या पॅकेजात काय बसतं ते आधी विचारलेलं बरं. पैसे भरायला सांगितले तर पावती घ्या.

८. येण्या-जाण्याच्या खर्चामुळं शेक चुकत असतील तर तेही लाजू नका, सांगा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वे तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. राहायची सोय कुठं होईल, हे समाजसेवा विभागात विचारा.

कधी वाट बघू नये?

हातापायाला मुंग्या किंवा ताकद कमी होणं, मान खाली घातली की पाठीत करंट लागल्यासारखं वाटणं, पाणीही गिळता न येणं, ताप, संडासवाटे रक्त, दम लागणं, यातलं काही झालं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मशीनवरचा माणूस घाईत दिसतो म्हणून गप्प राहू नका. त्याला फोटोत हाडं आणि गाठ दिसते, पण रुग्णाला रात्री काय झालं ते दिसत नाही.

नवीन सीटी झाल्यावर नवीन प्लॅन तयार व्हायला पुन्हा काही दिवस लागू शकतात. तोवर जुन्या प्लॅनवर शेक चालू ठेवायचे का, हे डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ फोटो बघून ठरवतात. घरच्यांनी मात्र परस्पर थांबू नये. उपचार झाल्यावर किती शेक झाले, किती ग्रे दिले, प्लॅन बदलला का, याची नोंद असलेला उपचाराचा सारांश मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर जपून ठेवा. पुढं कधी पुन्हा शेकाची वेळ आली, किंवा दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना दाखवावं लागलं, तर आधी किती डोस कुठं गेलाय हे त्याच कागदावरून कळतं. सातबारा जसा जपतो तसाच तो कागद जपायचा. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडं पाठवून ठेवा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक रुग्णाचा डोस, शेकांची संख्या आणि प्लॅन वेगळा असतो. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)